पट्टीची उपपत्ती

भुसावळहून नागपूरच्या दिशेने महामार्गाला लागलं की फेकरीच्या आसपास दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. इथला ६२.५ मेगावॉटचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॉटचे दोन संच १९७९ आणि १९८२ मध्ये आले, ५०० मेगावॉटचे दोन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. पहिल्या संचाच्या वेळी अभियंत्याचं हिशेबाचं साधन म्हणजे स्लाइड रूल, हिशेबाची सरकती पट्टी. १९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने लॉगॅरिदम आणि त्रिकोणमितीसुद्धा करणारा, खिशात मावणारा एचपी-३५ कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला बाजारात आणला. साडेतीनशे वर्षं वापरात असलेली पट्टी त्यानंतर दहाएक वर्षांत कपाटात गेली.

असं जुनं साधन पुन्हा शिकायचं असेल तर कसं शिकावं? जाणत्या माणसाकडून कृती घ्यावी आणि सराव करावा, की साधन समोर ठेवून मुळापासून विचार करत त्याच्यापर्यंत पोहोचावं? या दोन भूमिका इथे मामा आणि भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. मामा दीपनगरहून निवृत्त झालेले अभियंते. पट्टी त्यांनी कॉलेजात हाताळली. भाची माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मामांची पट्टी तिने माहितीपुस्तिका न वाचता आणि कुणालाही न विचारता उलगडायला घेतली आहे.

गुणाकार अंतरात कसा बसतो

भाची: मामा, मी आधी तुमची पट्टी बाजूला ठेवली आणि दोन साध्या फूटपट्ट्या घेतल्या. खालच्या पट्टीच्या २ वर वरच्या पट्टीचं शून्य आणलं, वरच्या ३ च्या खाली पाहिलं, तर ५. दोन अंतरं जोडली गेली आणि बेरीज मिळाली. मग तुमच्या पट्टीवर तशीच हालचाल केली. खालच्या २ वर मधल्या सरकत्या पट्टीचा १ आणला, तिच्या ३ च्या खाली पाहिलं, तर ६. हालचाल तीच, अंतरं जोडणंही तेच, उत्तर मात्र गुणाकाराचं. मग सगळं रहस्य आकडे कुठे छापलेत यातच असणार.

मामा: आम्हाला हे एका वाक्यात सांगितलं होतं. १ इथे ठेव, पट्टीवरची सरकती काच तिथे ने, खाली वाच. पाच मिनिटांत मुलगा गुणाकार करू लागायचा. तू फूटपट्ट्यांपासून सुरुवात केलीस, त्यात तुझी दुपार गेली असेल.

भाची: गेली. पण त्या दुपारी मला एक अट सापडली. दोनने गुणायचं म्हणजे दरवेळी तेवढंच अंतर पुढे सरकायचं. तसं असेल तर १ ते २, २ ते ४ आणि ४ ते ८ ही तिन्ही अंतरं सारखी असलीच पाहिजेत. फूटपट्टी लावून मोजलं. तुमची पट्टी १ पासून १० पर्यंत २५ सेंटिमीटर आहे आणि तिन्ही अंतरं साडेसात सेंटिमीटरच्या जवळ भरली. मी आधी भाकीत केलं आणि पट्टीने ते खरं ठरवलं. कुणी सांगितल्यावर ते मान्य करणं वेगळं आणि असं मिळवणं वेगळं.

मामा: वेगळं आहे, मान्य. पण माय, यालाच लॉगॅरिदम म्हणतात आणि ते पुस्तकात आहे. आमच्या परीक्षेला तर लॉग टेबलाची पुस्तिका हातात असायची. जे छापलेलं आहे ते पुन्हा शोधायचं कशाला?

कोरी पट्टी

भाची: ती पुस्तिका नसती तर तुम्ही पट्टी आखू शकला असता?

मामा: टेबलाशिवाय? २ कुठे, ३ कुठे, ७ कुठे, हे कसं ठरवणार?

भाची: हाच प्रश्न मी वर्गात टाकला. मुलांना कागदाची कोरी पट्टी दिली, एका टोकाला १, पंचवीस सेंटिमीटरवर १०, बाकी काही नाही. आता दोनचा दहावा घात १०२४, म्हणजे जवळजवळ हजार. हजार म्हणजे दहाचा तिसरा घात. तेव्हा दोनचं अंतर दहा वेळा घेतलं की दहाचं अंतर तीन वेळा घेतल्यासारखं होतं. तीन वेळा पंचवीस म्हणजे पंचाहत्तर, त्याचा दहावा भाग साडेसात. २ ची जागा ठरली. मग ४ पंधरावर, ८ साडेबावीसवर. दहाला दोनने भागलं की ५, म्हणून ५ पंचवीस वजा साडेसात, साडेसतरावर.

मामा: आणि ३?

भाची: तीनचा चौथा घात ८१, जवळ ८०. ऐंशी म्हणजे आठ गुणिले दहा, अंतर साडेबावीस अधिक पंचवीस, साडेसत्तेचाळीस. त्याचा चौथा भाग जवळपास ११.९ सेंटिमीटर. तीन मिळाला की ६ आणि ९ आपोआप मिळतात. सातसाठी मुलं अडली. शेवटी एका मुलीला दिसलं की सातचा चौथा घात २४०१ आहे, २४०० च्या अगदी शेजारी. २४०० म्हणजे तीन गुणिले आठ गुणिले शंभर, म्हणून अंतर ११.९ अधिक २२.५ अधिक ५०, म्हणजे ८४.४. चौथा भाग २१.१. एकही टेबल न उघडता १ ते १० ची पट्टी आखून झाली.

मामा: थांब, मला ताडून बघू दे. दोनचा लॉग ०.३०१०, पंचवीसने गुणला की ७.५३. तुझा २ पाव मिलिमीटर अलीकडे आहे. तीनचा ०.४७७१, म्हणजे ११.९३. अर्धा मिलिमीटर अलीकडे. पेन्सिलीच्या रेषेची जाडी धरली तर चालण्यासारखं आहे. हे खरंच चांगलं आहे, आणि मी उगीच चांगलं म्हणत नाही. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. तू मुळापासून सुरुवात केलीस असं म्हणतेस, ते पूर्ण खरं नाही. गुणाकाराची बेरीज करता येते हे तुला आधीच माहीत होतं. ते पहिल्यांदा सुचायला जॉन नेपिअरसारखा माणूस लागला. त्याची लॉगॅरिदमची कोष्टकं १६१४ मध्ये छापली गेली, त्यामागे वीसएक वर्षांचं काम होतं. मग हेन्री ब्रिग्जने त्यांना दहाचा पाया दिला. १६२० मध्ये एडमंड गंटरने ते आकडे लाकडावर अंतरं म्हणून आखले, आणि तिथून दोन वर्षांच्या आसपास विल्यम ऑट्रेडने अशी दोन मापं एकमेकांशेजारी सरकवली. इतक्या लोकांचं श्रेय तुझ्या दुपारीत बसवू नकोस.

भाची: श्रेय त्यांचंच आहे. मूळ म्हणजे जगात पहिल्यांदा, असा माझा दावा नाही. पायरीपायरीला मला स्वतःला तपासता आलं पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे. नेपिअरने वाट काढली, मी त्या वाटेने माझ्या पायांनी गेले. मुलांनाही त्याच वाटेने न्यावं असं मला वाटतं.

चारशे वर्षांचा वाद

मामा: मुलांना नेशील, पण ज्याला उद्या काम करायचं आहे त्याला? दीपनगरला रात्रपाळीत कुणी दोनचा दहावा घात काढत बसत नव्हतं. समज, २१० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर आहे आणि एका युनिट विजेला सातशे ग्रॅम कोळसा धरलाय. तासाला किती कोळसा लागेल हे विचारलं की उत्तर लगेच हवं. अशा वेळी हाताला सवय लागते, डोक्याला तर्क लागत नाही.

भाची: तुम्ही कोणाच्या बाजूने बोलताय माहीत आहे? ऑट्रेडच्या विरुद्ध जो उभा राहिला त्याच्या. रिचर्ड डेलामेन. लंडनमध्ये गणित शिकवायचा आणि आधी ऑट्रेडकडेच शिकलेला. त्याने १६३० च्या सुमारास वर्तुळाकार मापाचं पुस्तक काढलं. ऑट्रेडचं पुस्तक त्याच्या शिष्याने, विल्यम फॉर्स्टरने, १६३२ मध्ये इंग्रजीत आणलं. दोघांत आधी साधन कोणाचं यावर भांडण झालं, पण त्यात शिकवण्याचाही मुद्दा होता. ऑट्रेडचं म्हणणं, विद्यार्थ्याच्या हातात आधी उपकरण देऊ नका; आधी गणित आणि त्याची सिद्धता द्या, नाहीतर तो फक्त करामती करणारा होईल. डेलामेनचं म्हणणं, ज्यांना उपयोग करायचा आहे त्यांना सिद्धतेसाठी ताटकळत ठेवू नका. पट्टी जन्मली तेव्हाच हा वाद जन्मला.

मामा: मग मी डेलामेनच्या बाजूला आहे, आणि लाज न बाळगता आहे. जहाजावरचा माणूस भूमिती पूर्ण होईपर्यंत किनाऱ्यावर थांबणार का? आपल्याकडचंच बघ. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून पाठ केली. रावेर-यावलच्या केळीच्या बाजारात किंवा कापसाच्या वजनकाट्यावर त्यांना कुणी फसवू शकलं नाही. सव्वासात मणांना दर लावताना त्यांनी उपपत्ती मांडली नाही. पाठांतर मोठ्या लोकसंख्येपर्यंत पोहोचतं; तुझी कोरी पट्टी एका वर्गापर्यंत पोहोचेल.

भाची: पोहोच मोठी आहे, खरं आहे. पण पावकी-सवायकी गेली तेव्हा काय झालं? १९५७ मध्ये दशमान नाणी आली, मग वजनं मेट्रिक झाली, आणि पाठ केलेलं बरंच निरुपयोगी झालं. चौथा भाग काढणं म्हणजे दोनदा अर्धं करणं, हे ज्याला कळलं होतं त्याला नव्या पैशातही अडचण आली नसेल. ज्याला केवळ घोष आठवत होता त्याला नव्याने शिकावं लागलं. परिस्थिती बदलली की कृती तुटते, कारण टिकतं.

पाटणचा मठ

भाची: आणि मामा, हा वाद लंडनला नेण्याची गरजच नाही. आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणला, शके ११२८ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात गणित शिकवायला संस्था होती. तिथे जे शिकवायचं होतं त्यात सिद्धान्तशिरोमणीही होता, ११५० मध्ये भास्कराचार्यांनी छत्तिसाव्या वर्षी लिहिलेला. त्याच्या गोलाध्यायात ते म्हणतात की उपपत्तीशिवाय गणिती जाणत्यांच्या सभेत मोठा ठरत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या मनातली शंकाही जात नाही. यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. उपपत्ती आधी स्वतःची शंका फेडण्यासाठी असते.

मामा: छान सांगितलंस. आता माझं ऐक. लीलावती उघड. त्यात काय आहे? नियम, आणि नियमाखाली उदाहरणं. मधमाश्या, हंस, मोर आणि साप, व्यापाऱ्यांचे हिशेब. सिद्धता तिथे नाही. म्हणजे विद्यार्थ्याच्या हातात भास्कराचार्यांनीही आधी कृतीच दिली. उपपत्ती त्यांनी सिद्धान्तशिरोमणीच्या स्वतःच्या टीकेत, वासनाभाष्यात घातली. आधी लीलावती, मग भाष्य. तुझ्या साक्षीदाराने माझ्या बाजूने साक्ष दिली.

भाची: क्रमाबद्दल दिली, हे मी मान्य करते. पण भाष्य त्यांनी स्वतः लिहिलं. नियम देऊन ते थांबले असते तर तुमचं म्हणणं पूर्ण झालं असतं. आधी कृती की आधी कारण, यावर आपण भांडू. कारण वगळायचं, यावर तुमच्या बाजूला भास्कराचार्य नाहीत.

दशांश चिन्ह आणि तीन आकडे

मामा: ठीक. मग मला हे सांग. मघाच्या कोळशाच्या हिशेबात पट्टी काय दाखवते?

भाची: २.१ वर १ आणायला गेले तर ७ पट्टीबाहेर जातो, म्हणून मधल्या पट्टीचं उजवं टोक, म्हणजे १०, २.१ वर आणलं. ७ च्या खाली १.४७. पट्टीबाहेर गेलेलं अंतर दहाने भागून परत आत आणलं, एवढाच त्या युक्तीचा अर्थ.

मामा: १.४७ टन, १४.७ टन, की १४७ टन?

भाची: ते पट्टी सांगत नाही. २१० मेगावॉट म्हणजे तासाला दोन लाख दहा हजार युनिट. त्याला पाऊण किलोच्या आतबाहेर गुणलं की दीड लाख किलो. म्हणजे १४७ टन.

मामा: हेच! पट्टी फक्त आकडे देते, दशांश चिन्ह माणसाने द्यायचं. म्हणून पट्टी हातात घेण्याआधी अंदाज डोक्यात तयार असायचा. २१० मेगावॉटच्या जनित्राचा प्रवाह काढायचा: १५.७५ किलोव्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८५. २१० ला तीनच्या वर्गमुळाने, मग १५.७५ ने, मग ०.८५ ने भागायचं. मधले आकडे कागदावर उतरवायचे नाहीत, काच आणि पट्टी आळीपाळीने सरकवायची, शेवटी ९०५ ते ९०६ दिसायचं. खालची संख्या तेवीसच्या आसपास हे आधीच कळलेलं असायचं, म्हणून नऊ हजार अँपिअर. नऊशेही नाही, नव्वद हजारही नाही. ही शिस्त सवयीने आली, उपपत्तीने नाही.

भाची: सवयीने आली, पण सवय कारणावर उभी होती. दहाच्या घातांची मापं एकमेकांवर बसतात, म्हणून पट्टीला २.१ आणि २१० यांतला फरक दिसत नाही. हे कळलं की अंदाज करणं ही शिक्षकाने लादलेली शिस्त राहत नाही, तो हिशेबाचाच अर्धा भाग होतो. आणि मला अजून एक गोष्ट विचाराने मिळाली. तुम्ही नेहमी म्हणता, पट्टीवर तीन आकडे पुरेत. का?

मामा: कारण त्याहून जास्त वाचता येत नाहीत.

भाची: डाव्या टोकाला तर चौथा आकडाही अंदाजाने वाचता येतो. खरं कारण असं आहे. या पट्टीवर समान अंतर म्हणजे समान पट. तेव्हा काच दहावा भाग मिलिमीटर चुकली तर ती १ जवळ चुको की ९ जवळ, उत्तर तेवढ्याच पटीने चुकतं. २५० मिलिमीटरमध्ये ०.१ मिलिमीटर म्हणजे सुमारे हजारात एक. साध्या फूटपट्टीवर चूक मिलिमीटरची असते, इथे चूक टक्क्याची असते, आणि ती सगळीकडे सारखीच. म्हणून १ ते २ मध्ये शंभर भाग, पुढे गर्दी होते तसे कमी. छापणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी तसं केलं असं मला आधी वाटायचं. तो पट्टीच्या स्वभावातून आलेला निर्णय आहे.

मामा: हे आम्ही असं मांडलं नव्हतं. हजारात एक हा आकडा मात्र आमच्या सगळ्यांच्या हाताला माहीत होता. कोळशाचं वजन, उष्मांक, वाफेचा प्रवाह, यांतलं काहीच हजारात एकाहून नीट मोजलेलं नसायचं. कॅल्क्युलेटर आल्यावर आठ आकडे दिसू लागले आणि नवी मुलं ते आठही आकडे अहवालात लिहू लागली. माप तीन आकड्यांचं, उत्तर आठ आकड्यांचं.

लॉग-लॉगच्या ओळी

भाची: आता मला सांगा, या तीन ओळी तुम्ही कशासाठी वापरायचात? पहिली १.०१ पासून १.१०५ पर्यंत, दुसरी तिथून २.७१८ पर्यंत, तिसरी थेट बावीस हजारांच्या आसपास.

मामा: लॉग-लॉग. अपूर्णांकी घात काढायला. हवा दाबताना १.४ वा घात लागतो, त्यासाठी. कृती होती, पण खरं सांगू, पट्टी परवा हातात घेतली तेव्हा गुणाकार, भागाकार, वर्गमूळ हाताने स्वतःहून केलं. लॉग-लॉग कुठून सुरू करायचं ते हाताला आठवलं नाही.

भाची: मला कृती माहीतच नव्हती. मी फक्त काच १.०२ वर ठेवली आणि त्याच रेषेखाली बाकीच्या दोन ओळी वाचल्या. १.२१९ आणि ७.२४. हे कशासारखं आहे याचा विचार केला. १.०२ चा दहावा घात १.२१९. त्याचाही दहावा घात, म्हणजे १.०२ चा शंभरावा, ७.२४. एका ओळीतून पुढच्या ओळीत उतरलं की दहावा घात! मग कारण शोधलं. लॉगॅरिदममुळे घात म्हणजे गुणाकार होतो. त्या गुणाकाराचा पुन्हा लॉगॅरिदम घेतला की बेरीज होते, म्हणजे अंतर. घाताला दहाने गुणणं म्हणजे पट्टीचं अख्खं एक माप पुढे जाणं. पट्टी संपली, म्हणून पुढची ओळ त्याच जागेवरून सुरू होते.

मामा: म्हणजे १.४ वा घात हवा तर ओळीवरच्या संख्येवर मधल्या पट्टीचा १ आणायचा आणि १.४ खाली वाचायचं. बरोबर, तीच आमची कृती! आत्ता आठवली.

भाची: आठवली नाही मामा, तुम्ही ती आत्ता बनवली. मुद्दलावर सात टक्के चक्रवाढ व्याज असेल तर १.०७ वर काच ठेवा. पुढच्या ओळीत १.९६७, म्हणजे दहा वर्षांत जवळपास दुप्पट. त्याच्या पुढच्या ओळीत सुमारे ८६८, शंभर वर्षांची पट. मुलांना चक्रवाढीचा वेग यापेक्षा स्पष्ट कसा दाखवणार? आणि चाळीस वर्षांनी हात विसरला तरी ज्याच्याकडे कारण आहे त्याला कृती पुन्हा उभी करता येते. माझी बाजू एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

काचेवरच्या आखूड रेषा

मामा: तुझी बाजू मजबूत आहे. आता मी माझी मांडतो. या काचेवर मधली लांब रेषा आहे, आणि शेजारी या आखूड रेषा. याचं काय केलंस?

भाची: त्यांच्यापाशी मी अडकले. मधल्या रेषेपासूनचं एकीचं अंतर वर्गांच्या मापावर मोजलं. त्या मापाचं एक आवर्तन साडेबारा सेंटिमीटरचं आहे, आणि रेषेचं अंतर १.३६ पटीचं येतं. पुढे काही सुचलं नाही. १.३६ हे कशाचं वर्गमूळ नाही, पायशीही त्याचं नातं लागत नाही. मी बराच वेळ भूमितीत शोधलं.

मामा: भूमितीत ते नाहीच. ते कारखान्यात आहे. पट्टी जर्मन बनावटीची आहे. मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७३६ वॉट. एक किलोवॉट म्हणजे १.३६ अश्वशक्ती. मोटारीची शक्ती एका रेषेखाली धरायची, दुसऱ्या रेषेखाली दुसऱ्या एककात वाचायची. आणि आपल्याकडे ७४६ वॉटची इंग्रजी अश्वशक्ती रुळलेली, तिचा गुणक १.३४. पंपाच्या पाटीवर अश्वशक्ती लिहिलेली असेल तर ती कोणती, हे विचारून घ्यायचं. पट्टीकडे कितीही टक लावून पाहिलंस तरी हे तुला कळणार नव्हतं.

भाची: आकडा मला विचाराने मिळाला, पण तो कशाचा हे मिळालं नाही.

मामा: तेच म्हणतोय. तर्क तुला १.३६ पर्यंत नेतो. त्या रेषेची गरज कोणाला होती, कोणत्या कामासाठी ती कोरली, हे काम करणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. साधनात गणित असतं, पण गणिताशेजारी एका धंद्याचा अनुभवही असतो. मुळापासून विचार करणाऱ्याला तो अनुभव परका वाटला तर त्याला अर्धंच साधन कळलं. म्हणून जुनं साधन शिकायचं तर जुनी माणसं आहेत तोवर शिकावं असं मी म्हणतो. पट्टी कपाटात शंभर वर्षं टिकेल. ती कशासाठी धरायची हे सांगणारे टिकणार नाहीत.

भाची: हे मी घेते, पूर्ण घेते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वर्गात काय न्यायचं

मामा: मग वर्गात काय करशील? पोरांच्या खिशात मोबाइल आहे. पट्टी कशाला शिकतील ती?

भाची: त्यांनी पट्टीवर हिशेब करावेत म्हणून नाही. मोबाइलवर कारण दिसत नाही; इथे ते लाकडावर अंतर होऊन समोर असतं, बोटाने सरकवता येतं. मी क्रम असा लावला आहे. आधी गरज. मोठ्या संख्या, पुष्कळ गुणाकार, वेळ कमी. मग कोरी पट्टी आणि दोनचा दहावा घात. मग तुमची तयार पट्टी आणि प्रत्येक ओळीसाठी एकच प्रश्न: ही इथे का छापली असेल? वर्गांची ओळ मुलं चटकन ओळखतात, कारण तिच्यात १ ते १० चं माप दोनदा येतं. घनांच्या ओळीत तीनदा. उलट्या क्रमाने छापलेली ओळ कशासाठी, यावर मात्र वाद होतात. होऊ द्यायचे.

मामा: आणि सराव?

भाची: शेवटी.

मामा: इथे आपलं जमणार नाही. सराव मध्येच हवा. ज्याने शंभर गुणाकार केलेच नाहीत त्याला पट्टी गुणाकार करते याचं आश्चर्य कसं वाटणार? गरज सांगून कळत नाही, हात दुखले की कळते. त्यांना आधी कागदावर लांब गुणाकार करू दे. मग पट्टी दे. उपपत्तीची भूक त्यांना तेव्हा लागेल.

भाची: म्हणजे आधी कष्ट, मग कारण, मग साधन, मग पुन्हा सराव.

मामा: आणि शेवटी एखादा कामावरचा माणूस वर्गात आण. पंप बसवणारा, वायरमन, जमीन मोजणारा. त्याला विचार, तुझ्या धंद्यातला १.३६ कोणता? प्रत्येक धंद्यात असा एक आकडा असतो, जो पुस्तकात नीट सापडत नाही आणि ज्याच्याशिवाय काम होत नाही.

भाची: आणते. पण परीक्षा मी माझ्या पद्धतीने घेणार. नावं खोडलेली एक अनोळखी ओळ देणार आणि विचारणार, ही काय करते, आणि तुला हे कशावरून कळलं?

मामा: घे. त्याखाली माझा एक प्रश्न घाल: हिचा उपयोग कोणाला होईल? दोन्ही प्रश्नांना सारखे गुण दे. पहिल्याचं उत्तर देणारा मुलगा कोणतंही साधन हातात आलं तरी गोंधळणार नाही, आणि दुसऱ्याचं उत्तर देणारा ते कोणासाठी हातात घ्यायचं हे विसरणार नाही. मला दोन्ही मुलं हवीत, आणि जमलं तर एकाच बाकावर.